काव आणि पिवडी

आषाढ-श्रावणाच्या पावसाचा जोर ओसरू लागतो, चतुर्थी तोंडावर येते आणि गोव्यात घरोघरी भिंतींकडे लक्ष जाऊ लागते. जोत्याजवळ शेवाळ धरलेले असते, दारांच्या चौकटी फुगलेल्या असतात, आणि यंदा घराला कोणता रंग द्यावयाचा हा विषय जेवणाच्या पानावर निघतो. घरातील प्रत्येकाचे मत निराळे असते. आणि प्रत्येकाचे कारण मात्र एकच असते, ते म्हणजे ‘मला तो आवडतो’. आवडीला कोणी नावे ठेवू नये. परंतु ज्या भिंतींच्या आत आपण वर्षानुवर्षे वाचतो, जेवतो, झोपतो, त्यांचा रंग केवळ आवडीवर सोपविणे इष्ट नव्हे. रंगालाही गुणधर्म असतात आणि ते जाणून घेतले म्हणजे निवड सोपी होते.

प्रस्तुत लेखात आम्ही दोनच रंगांचा विचार करणार आहोत. एक काव, म्हणजे तांबडी माती. हिलाच गेरू असेही म्हणतात. दुसरी पिवडी, म्हणजे पिवळी माती. हिला काही भागांत रामरज हे सुंदर नाव आहे. चित्रकलेच्या तासाला ज्यांना उष्ण रंग म्हणतात, त्यांपैकीच हे दोन. उष्ण म्हणजे हाताला ऊन लागणारे असे अर्थातच नव्हे. उष्णतामापक भिंतीला टेकविला तर त्या नावामुळे पारा तसूभरही वर चढणार नाही. अग्नी, उगवता सूर्य, पिकलेले धान्य यांच्याशी मनाने जोडलेले हे रंग आहेत, म्हणून ते उष्ण. आमच्या कोंकणीत पिवळ्याला ‘हळदुवो’ म्हणतात आणि तांबड्याला ‘तांबडो’. एकाला हळदीचे नाव, दुसऱ्याला तांब्याचे. दोन्ही वस्तू घरातल्याच; यावरूनच या रंगांची जवळीक ध्यानात यावी.

आता पहिला प्रश्न असा, की हे रंग येतात कोठून? दोघांचाही जन्मदाता एकच, लोखंड. कावेमध्ये लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग असते. त्याच्या खनिजाला हेमॅटाइट म्हणतात. रक्त या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव पडले आहे. पिवडीमध्येही लोखंड आणि प्राणवायूच असतात. परंतु त्यांच्या जोडीला पाण्याचा अंश रासायनिक रीतीने बांधलेला असतो. या खनिजाचे नाव गोएथाइट. जर्मन कवी ग्योटे याला खनिजशास्त्राचा मोठा नाद होता, म्हणून इ. स. १८०६ मध्ये त्याच्या नावावरून हे नाव ठेवण्यात आले. दोन्ही खनिजे चिकणमातीत मिसळलेली सापडतात आणि ती माती वस्त्रगाळ केली की रंग तयार होतो.

गोव्याच्या मुलांना लोखंडाची माती दूर शोधावयास नको. आपली घरे ज्या चिऱ्यांची बांधलेली आहेत, तो जांभा दगड याच लोखंडामुळे तांबडा आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन या प्रवाशाने इ. स. १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील अशा दगडाचे वर्णन केले आणि विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. चिरा फोडून पाहावा. त्यात तांबड्या रंगाच्या शेजारी पिवळ्या रंगाचे ठिपके आणि रेषा दिसतात. काव आणि पिवडी एकाच दगडात एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात.

या दोघींतील अंतर किती थोडे आहे हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. चिमूटभर पिवडी लोखंडी पळीत घ्यावी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ती चांगली तापवावी. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेला तिच्यातील बांधलेले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि पिवळी भुकटी तांबडी होते. ती थंड झाली तरी पुन्हा पिवळी होत नाही. म्हणजे पिवडी भाजली की काव झाली. विटा आणि कौले भट्टीत तांबडी होतात, त्यामागेही मुख्यतः लोखंडाचाच हा व्यवहार असतो.

हे रंग मानवाने फार पूर्वीपासून वापरले आहेत. भोपाळजवळील भीमबेटका येथील शैलाश्रय डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी इ. स. १९५७ मध्ये उजेडात आणले. तेथील प्राचीन चित्रांत तांबडा आणि पांढरा हेच रंग प्रामुख्याने आढळतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही काव आणि पिवडी या दोन्ही मातींचा मुक्तहस्ते उपयोग केला. इतक्या शतकांनंतर ती चित्रे ओळखू येतात, याचे श्रेय चित्रकारांच्या कौशल्याइतकेच या मातीच्या टिकाऊपणालाही आहे. सूर्यप्रकाश आणि हवा यांना जे काही करावयाचे असते, ते या मातीने जमिनीत असतानाच सोसलेले असते. आता तिच्यात आणखी बिघडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

घराच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा गुण म्हणजे या दोघींचे चुन्याशी असलेले सख्य. चुना हा तीव्र अल्क आहे आणि पुष्कळ रंग त्याच्यापुढे टिकत नाहीत. हळदीचेच उदाहरण घ्या. भिंत पिवळी करावी म्हणून कोणी चुन्यात हळद कालवली, तर पिवळा रंग मिळण्याऐवजी चुना तत्काळ लालसर होईल. जुन्या पद्धतीने कुंकू तयार करताना हळदीच्या याच गुणाचा उपयोग करतात. आणि तो लालसरपणाही उन्हात लवकर विटून जाईल. काव आणि पिवडी यांना मात्र चुन्याचे भय नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, त्यात यांपैकी एखादी माती मिसळली आणि तो भिंतीला दिला, की हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून चुन्याचा हळूहळू दगड बनतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. मात्र माती अति घालू नये. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून ती अधिक झाली, तर तिला धरून ठेवण्याची चुन्याची शक्ती अपुरी पडते आणि भिंतीला टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर रंग उमटतो. चुना विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांना त्यापासून मोठा धोका असतो. म्हणून ते काम मोठ्या माणसांचे आहे, मुलांनी दूर उभे राहून पाहावे.

येथवर दोघी बरोबरीच्या ठरल्या. मग निवड कशावर करावयाची? उत्तर असे, की प्रकाशावर.

फिकट पिवडीची भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग खोलीत परत पाठविते. गडद कावेची भिंत त्याचा पाचवा हिस्साही परत करीत नाही. उरलेला गिळून टाकते. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या लहान, पडव्या खोल आणि पावसाळा दीर्घ. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या महिन्यांत भर दुपारीही माजघरात दिवा लावावा लागतो. अशा खोलीच्या चारही भिंती कावेने रंगविल्या, तर खोली संध्याकाळपूर्वीच मावळते. शिवाय प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आणि तेथून पुन्हा पहिलीवर असा खेळत असतो; प्रत्येक फेरीत रंगाची छटा अधिक गडद होते. म्हणूनच दुकानातील हातभर नमुन्यावर जो रंग सौम्य दिसतो, तोच चार भिंतींवर चढला की अंगावर येतो. ज्या खोलीत मुले अभ्यास करतात, आजी पोथी वाचते, आई तांदूळ निवडते, तेथे मोठ्या भिंतीचा मान पिवडीला, आणि तोही तिच्या फिकट छटेला द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग कावेला घरात स्थान नाही काय? आहे, आणि ते मोलाचे आहे. भिंतीचा खालचा हात-दीड हात पट्टा हे तिचे पहिले स्थान. पावसाच्या पागोळ्या अंगणात पडतात आणि तांबडा चिखल भिंतीवर उडतो. पिवळ्या भिंतीवर तो चिखल डाग होऊन बसतो. कावेच्या पट्ट्यावर तो दिसतच नाही, कारण चिखल आणि काव एकाच मातीची. आत चालता-बोलता लागणारे पाय, केरसुणीचे फटकारे आणि लादी पुसण्याचे पाणी यांनाही हा पट्टा पुरून उरतो. पट्टा कावेचा आणि वरची भिंत फिकट, ही जी जुनी रीत आहे, तिच्यामागे शोभेपेक्षा सोय अधिक होती. शोभा सोयीबरोबर आपोआप आली.

तांबड्या रंगाला शेजारी उजळ रंग मिळाला की तो खुलतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी नीट ओळखली होती. अंगणात आधी गेरूने सारवून मगच त्यावर पांढरी रांगोळी काढतात ती याचसाठी. गोव्यापासून उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंतच्या किनाऱ्यावर देवळांच्या आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवर जी कावी कला आढळते, तिचे तत्त्वही हेच. प्रथम पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर कावेचा थर, आणि तो थर ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा. वेलबुट्टी, मोर, देवदेवता यांची चित्रे अशी दोनच रंगांत उभी राहतात. तेथे तांबडा रंग भिंत गिळून टाकीत नाही, कारण शेजारी पांढऱ्याला त्याच्या बरोबरीची जागा दिलेली असते.

आता दारांकडे वळू. दार म्हणजे लहानशी भिंत नव्हे. ते दिवसातून शंभर वेळा हाताळले जाते आणि एका अंगाने ऊन, दुसऱ्या अंगाने घर असे दुहेरी जिणे जगते. कडीजवळचे बोटांचे डाग पिवळ्या दारावर आठ दिवसांत दिसू लागतात. तांबड्या किंवा तपकिरी दारावर ते लपतात. लोखंडाचे हे दोन्ही रंग सूर्याचे अतिनील किरण अडवितात, म्हणून जवसाच्या तेलात कालवून दिलेल्या या रंगांखाली लाकूड अधिक काळ शाबूत राहते. यात दोघी जवळजवळ समान. परंतु डाग लपविण्याच्या गुणामुळे दाराच्या बाबतीत पारडे कावेकडे झुकते. फिकट पिवळ्या भिंतीत तांबडे दार दिवसा लांबूनही ठसठशीत दिसते. पणजीच्या फोंताइन्हास भागातील गल्ल्यांतून हिंडताना भिंत, चौकट आणि दार यांच्या रंगांतील असा फरक किती परींनी साधता येतो, ते पाहावयास मिळते.

‘दिवसा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. संध्याकाळी गोष्ट पालटते. यान पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने इ. स. १८२५ च्या सुमारास एक चमत्कार नोंदवून ठेवला. भर उजेडात तांबडी फुले हिरव्या पानांहून उठून दिसतात. परंतु दिवेलागणीच्या अंधुक प्रकाशात तीच फुले प्रथम काळवंडतात आणि पाने त्यांच्या मानाने उजळ वाटतात. कारण असे, की डोळ्यात उजेडासाठी आणि अंधारासाठी निरनिराळ्या पेशी आहेत. उजेडात काम करणाऱ्या पेशींना सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी, म्हणजे पिवळसर हिरवा रंग, सर्वांत तेजस्वी वाटतो. अंधारात काम करणाऱ्या पेशींना सुमारे ५०७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. तांबडा रंग या दुसऱ्या पेशींना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे अंधार पडू लागला की काव काळी होते. फिकट पिवडी मात्र बराच वेळ ओळखू येते.

ही माहिती पुस्तकात ठेवण्याजोगी नाही, घरात वापरण्याजोगी आहे. आपल्याकडे अनेक घरांच्या जमिनी तांबड्या रंगाच्या सिमेंटच्या आहेत आणि पायऱ्याही त्याच. संध्याकाळी बळकांवातून खाली उतरताना या पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात आणि वृद्ध माणसाचा पाय चुकतो. कावेच्या पायरीवर चार बोटे रुंदीची फिकट पिवळी किंवा पांढरी कड ओढली, तर पायरी कोठे संपते ते अंधुक उजेडातही कळते. उंबरठ्यालाही हाच नियम लावावा. चार आण्यांच्या रंगाने एखाद्या आजोबांचे मोडणारे हाड वाचत असेल, तर याहून मोठे सौंदर्य ते कोणते?

येथे एका धोक्याची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तांबडे आणि पिवळे दिसणारे सर्वच रंग काव-पिवडीसारखे निरुपद्रवी नसतात. शेंदूर हा शिशाचा रंग आहे. पूर्वीच्या तैलरंगांत पिवळेपणासाठी जो क्रोम पिवळा वापरीत, त्यातही शिसे असते. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर जो हरताळ फाशीत असत, तो तर सोमलाचा संयोग. शिसे पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर अनिष्ट परिणाम होतो, आणि त्याचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. भारत सरकारने इ. स. २०१६ मध्ये नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर मर्यादित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ नंतर त्याहून अधिक शिसे असलेल्या रंगांच्या विक्रीस मनाई झाली. परंतु नियमापूर्वी दिलेला रंग जुन्या दारांवर अद्याप थरांवर थर असा बसलेला असू शकतो. म्हणून जुने दार कोरड्या काचकागदाने घासू नये. त्याची धूळ घरभर पसरते. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, खाली कागद अंथरून खरवड गोळा करावी, आणि काम चालू असताना मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. मुलांनी मदतीच्या उत्साहात हे काम अंगावर घेऊ नये, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो.

आणखी एक गोष्ट. सध्या बाजारात हव्या त्या छटेचे तयार रंग मिळतात आणि त्यांत कृत्रिम रीतीने बनविलेली हीच लोखंडी संयुगे पुष्कळदा असतात. नव्या सिमेंटच्या भिंतीवर ते देण्यास हरकत नाही. परंतु जांभ्याच्या आणि चुन्याच्या जुन्या भिंती जमिनीतून ओल ओढतात व ती बाहेर टाकीत असतात. त्यांवर पाण्याची वाफ कोंडणारा रंग दिला, तर ओल आत अडकते आणि एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. चुन्यातील काव आणि पिवडी भिंतीचा हा श्वास अडवीत नाहीत. मात्र चुन्याचा हात दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. श्रम वारंवार, पण भिंत निरोगी, असा हा सौदा आहे.

रंग ठरविण्यापूर्वी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. दोन्ही मातींची चुन्यातील मिश्रणे करून प्रत्यक्ष भिंतीवरच दोन-दोन हात लांबीरुंदीचे पट्टे द्यावेत. ओला चुना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो, म्हणून दोन दिवस थांबून मगच निर्णय घ्यावा. ते पट्टे सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि दिव्याच्या उजेडात, असे चार वेळा पाहावेत. पश्चिमेच्या उन्हात पिवडी सोन्यासारखी झळकते आणि काव पेटल्यासारखी वाटते. उत्तरेच्या शांत उजेडात पिवडी टिकून राहते, काव मलूल होते. आतील भिंती चतुर्थीपूर्वी उरकता येतात. बाहेरच्या भिंतींसाठी मात्र पाऊस पुरता जाऊन भिंत वाळेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुमारापर्यंत थांबणे श्रेयस्कर.

तात्पर्य, काव चांगली की पिवडी, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. कोठे, कोणत्या उजेडात आणि कोणासाठी, हे तीन शब्द त्याला जोडले म्हणजे तो पुरा होतो. वाचावयाच्या, बसावयाच्या खोलीत मोठी भिंत पिवडीची. जोते, पट्टा आणि दार कावेचे. पायरीची आणि उंबरठ्याची कड पुन्हा पिवडीची. एकाच लोखंडाच्या या दोन लेकी आपापल्या जागी बसविल्या म्हणजे भांडत नाहीत. विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की यंदा रंगाचा विषय जेवणाच्या पानावर निघेल तेव्हा ‘मला आवडतो’ एवढेच म्हणून थांबू नका. खिडकी कोणत्या दिशेला आहे, त्या खोलीत कोण वाचते आणि संध्याकाळी त्या पायरीवरून कोण उतरते, हे आधी पाहून या आणि मग आपले मत द्या. वडीलधाऱ्यांना ते पटेल, अशी आमची खात्री आहे.